दगडफूल आणि सुकून पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पती

बाजारांत किंवा जत्रेंत कधीं कधीं एखादा मनुष्य वाळक्या, मुठीसारख्या आवळलेल्या काड्यांचा ढीग मांडून बसलेला आढळतो. त्यांतील एक मूठ तो पाण्याच्या वाडग्यांत टाकितो. कांहीं तासांत ती उलगडते, आणि तपकिरी दिसणारें तें जाळें हिरवेंगार होतें. मग तो सांगतो कीं, ही संजीवनी होय. मेलेलें झाड पुन्हा उठतें, तर आजारी माणूस कां उठणार नाहीं? ऐकणाऱ्यांत आपल्या मंडळींतील लोकही असतात, आणि घरांत कोणी तापानें अंथरुणास खिळलेलें असलें म्हणजे पैसे देण्यास हात आपोआप पुढें होतो. म्हणून ह्या वनस्पतींविषयीं, आणि यांच्याहूनही चिवट अशा दगडफुलाविषयीं, खरें काय तें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दगडफूल घेऊं, कारण तें आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. गोड्या मसाल्यांत जी करडी, चुरचुरीत, कडांना वळलेली पापडी घालतात तीच ही. नांवांत फूल आहे, परंतु ह्यास फूल नाहीं, मूळ नाहीं, खोडही नाहीं. शास्त्रीय ग्रंथांत ह्या वर्गास शैवाक म्हणतात. आंब्याच्या सालीवर करड्या-हिरव्या चकत्या दिसतात त्यांतील पुष्कळशा ह्याच जातीच्या. कित्येक शेतकरी त्यांस झाडाचा रोग समजून खरवडून काढितात. तसें करण्याचें कारण नाहीं. दगडफूल झाडाचा रस शोषीत नाहीं, केवळ सालीवर बसतें.

पुष्कळ काळपर्यंत विद्वानही ह्यास एकच वनस्पती समजत. इ. स. १८६७ सालीं श्वेंडेनर नांवाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें असें मांडिलें कीं, हा दोन जीवांचा एकत्र संसार आहे. बाहेरचें आवरण बुरशीचें असून तिच्या तंतूंमध्यें अतिसूक्ष्म हिरवें शेवाळ राहतें. बुरशीस स्वतःचें अन्न करितां येत नाहीं. शेवाळ सूर्यप्रकाशांत साखर तयार करितें, पण उघड्या खडकावर एकटें असल्यास त्याचा निभाव लागणें कठीण. एक घर देतें, दुसरें चूल पेटवितें. त्या काळच्या नायलांडरनामक मोठ्या तज्ज्ञास हें मत मुळींच मान्य झालें नाहीं. पुढें २०१६ सालीं कांहीं जातींच्या सालींत किण्वासारखा तिसरा सोबतीही सांपडला. त्याचें काम काय, ह्याविषयीं अद्याप मतभेद आहेत.

मंडळीच्या ऐक्यावर बोलतांना ही उपमा वापरण्याचा मोह उपदेशकांस होईल. आमचें मत असें कीं, ती जपून वापरावी. श्वेंडेनर स्वतः बुरशीस धनी व शेवाळास गुलाम म्हणे, आणि शेवाळाच्या साखरेचा मोठा वांटा बुरशी घेते हें खरें आहे. ह्या भागीदारींत हिशेब सारखा नाहीं.

आतां हा जीव कोठें कोठें राहतो तें पाहूं. दक्षिण ध्रुवाभोवतींच्या अंटार्क्टिका खंडांत फुलें येणाऱ्या देशी वनस्पती दोनच आहेत. एक गवत व एक उशीसारखें दाट वाढणारें बुटकें रोप. दगडफुलांच्या जाती मात्र सुमारें ४०० आहेत. त्या खंडांत कांहीं खोरीं अशीं आहेत कीं, तेथें पाऊस नाहीं व बर्फही फारसें पडत नाहीं. वारा मात्र खडक झिजवितो. तीं निर्जीव असावींत असेंच पाहणाऱ्यास वाटे. परंतु फ्रीडमन ह्या शास्त्रज्ञानें तेथील वालुकाश्म फोडून पाहिले, तों पृष्ठभागाखालीं थोड्याच अंतरावर काळा, पांढरा व हिरवा असे पट्टे आढळले. तें दगडफूलच होतें. दगडावर नव्हे, दगडाच्या आंत. वाळूच्या कणांतून थोडासा उजेड आंत झिरपतो. उन्हानें खडक भोंवतालच्या हवेहून उबदार होतो. आणि वर पडलेलें चिमूटभर हिम वितळून कणांमधून आंत उतरतें. एवढ्यावर त्याचें भागतें. त्याच खंडांतील दुसऱ्या एका जातीचें शेवाळ उणे १७ अंश सेल्सिअस इतक्या थंडींतही अन्न तयार करीत असल्याचें मोजण्यांत आलें आहे.

हें साधतें कसें? आपल्या शेतांतील जोंधळा पाणी धरून ठेवण्यासाठीं झगडतो, आणि तें संपलें कीं मरतो. दगडफूल झगडतच नाहीं. हवा कोरडी झाली कीं तेंही कोरडें होतें, इतकें कीं त्याच्या वजनाचा दहावा भागही पाणी उरत नाहीं. श्वसन व अन्न करण्याचें काम जवळजवळ थांबतें. आंतील पेशी चुरडून जाऊं नयेत म्हणून तेथें सांठलेल्या साखरेसारख्या द्रव्यांचा आधार असतो, आणि प्रखर उन्हापासून बचाव व्हावा म्हणून वरच्या थरांत पिवळीं, नारिंगी द्रव्यें असतात. पाणी आलें म्हणजे फडक्याप्रमाणें सर्वांगानें तें पितें, आणि थांबलेलें काम थोड्याच वेळांत सुरू होतें. कित्येकांस पाऊसही लागत नाहीं. दमट हवा पुरते. २००५ सालीं दोन जातींचीं दगडफुलें अवकाशयानाबाहेर उघडीं ठेवून सुमारें १५ दिवस पृथ्वीभोवतीं फिरविलीं. तेथें हवाही नाहीं. परत आणून भिजविल्यावर तीं एका दिवसांत पूर्ववत् अन्न करूं लागलीं.

ह्याची किंमत मात्र त्यास भरावी लागते, आणि ती वेळाची. थंड प्रदेशांतील खडकांवरील एक पिवळी जात वर्षांत एक मिलिमीटरही वाढत नाहीं. चकतीची रुंदी मोजून खडक कधीं उघडा पडला हें ठरविण्याची रीत बेशेल ह्यांनीं १९५० नंतरच्या काळांत रूढ केली.

जें हिमास व अवकाशास भीत नाहीं तें धुरास भितें. पॅरिस शहरांतून दगडफुलें नाहींशीं होत असून एका मोठ्या बागेंत तेवढीं टिकून आहेत, हें नायलांडर ह्यांनीं १८६६ सालींच नोंदविलें होतें. गंधकाचा धूर त्यांस सोसत नाहीं. जो जीव सर्वांगानें पितो त्यास गाळून पिणें ठाऊक नसतें. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें अणुभट्टी फुटली तेव्हां नॉर्वे व स्वीडन येथील दगडफुलांनीं पावसाबरोबर आलेलें विषारी द्रव्य पिऊन घेतलें; तीं खाणाऱ्या रेनडियरांचें मांस टाकून द्यावें लागलें, आणि त्या कळपांवर जगणाऱ्या सामी लोकांवर संकट ओढवलें.

आतां त्या जत्रेंतील मुठीकडे वळूं. ती नेच्यांच्या वर्गाजवळची वनस्पती आहे, व भारताच्या डोंगराळ भागांत खडकांवर उगवते. उन्हाळ्यांत तिची फांदी आंत वळते, म्हणजे ऊन थोड्याच भागावर पडतें. पाऊस आला कीं ती उलगडते. ती एकटी नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत सह्याद्रींत अशा ६२ जाती नोंदल्या आहेत. कित्येक सड्यांवरील गवतें आहेत. तेव्हां पाण्यांत उलगडणें हा औषधी गुणाचा पुरावा नव्हे. वाळलेल्या गवतानें पुन्हा हिरवें व्हावें व त्याच्या काढ्यानें ताप जावा, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. तापाच्या रोग्यास दवाखान्यांत न्यावें.

उपदेशक बंधूंस आणखी एक सांगतों. ह्या वनस्पतींस इंग्रजींत पुनरुत्थानाचें नांव पडलें आहे, आणि प्रभूच्या उठण्याचा दाखला म्हणून त्यांचा उपयोग करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ही वनस्पती मेलेलीच नसते. आणि आमचा विश्वास जो खरोखर मेला व पुरला गेला त्याच्याविषयीं आहे. शाळेंत शिकणारा एखादा मुलगा हा फरक ओळखील, आणि उपमेबरोबर उपदेशही हसण्यावारी नेईल. तसेंच, वाळवंटांत वाऱ्यानें उडणारें एक खाद्य दगडफूल म्हणजेच इस्राएल लोकांचा मान्ना, असें कांहीं पंडित म्हणतात. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांतील मान्ना उन्हानें वितळे व रात्रभर ठेविल्यास त्यांत किडे पडत. दगडफुलास ह्यांतील कांहींच होत नाहीं. आम्हांस तो तर्क पटत नाहीं.

शब्बाथशाळेंतील मुलांस हें दाखविणें सोपें आहे. पाऊस नसलेल्या दिवशीं करडें दगडफूल असलेला लहानसा दगड आणावा. मुलांनीं त्यास बोट लावून तें किती कोरडें आहे हें पाहावें. मग त्यावर चमचाभर पाणी ओतावें व थोडा वेळ थांबावें. वरचा थर भिजून पारदर्शक होतो, आणि आंतील शेवाळाचा हिरवा रंग वर दिसूं लागतो. खरवडूं मात्र देऊं नये. बोटाच्या नखानें निघणाऱ्या त्या चकतीस वाढण्यास मुलांच्या वयाहून अधिक वर्षें लागलेलीं असूं शकतात. धडा संपल्यावर दगड होता तेथेंच, आणि दगडफुलाची बाजू वर करून ठेवावा.