लोकसभाध्यक्षपदाची पाच वर्षे : शिवराज पाटील चाकूरकर

उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. श्री. शिवराज पाटील चाकूरकर १९८० मध्ये लातूरमधून प्रथम लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातीलच तालुक्याचे गाव होते. १९९९ पर्यंतच्या सात निवडणुका त्यांनी सलग जिंकल्या. नगरपालिकेचे आणि राज्य विधानसभेचे अध्यक्षपद हे टप्पे त्याआधीचे. तथापि पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी विशेषत्वाने अभ्यासावा असा त्यांचा कालखंड म्हणजे जुलै १९९१ ते मे १९९६ हे लोकसभाध्यक्षपद.

अर्थसंकल्पातील अनुदानाच्या बहुतेक मागण्या त्यापूर्वी वेळेअभावी चर्चेविनाच एकत्रित मतास टाकल्या जात. १९८९ मध्ये तीन विषयांपुरत्या समित्या नेमून एक प्रयोग झाला होता. १९९३ मध्ये तो सर्व मंत्रालयांना लागू होऊन सतरा विभागीय स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. प्रत्येकीत लोकसभेचे तीस व राज्यसभेचे पंधरा सदस्य. मागण्या आधी समितीकडे जात, सचिवांना तेथे उत्तरे द्यावी लागत आणि अहवालानंतरच सभागृहात मतदान होई. जिल्हा परिषदेच्या विषय समितीत काम केलेल्यास ही पद्धत परकी वाटणार नाही. पक्षभेद बाजूला ठेवून आकडे तपासण्याचे काम खुल्या सभेपेक्षा बंद खोलीतच अधिक होते. मात्र शिफारशी केवळ सल्लावजा असतात, ही उणीव राहिलीच. डिसेंबर १९९४ पासून प्रश्नोत्तराच्या तासाचे थेट प्रक्षेपणही सुरू झाले.

याच काळात, मे १९९३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना पदच्युत करण्याचा प्रस्ताव लोकसभेपुढे आला. न्या. पी. बी. सावंत यांच्या चौकशी समितीने अनेक आरोप सिद्ध धरले होते. प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. तरी तो फेटाळला गेला, कारण २०५ सदस्य तटस्थ राहिले. घटनेनुसार दोन-तृतीयांशाखेरीज एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही आवश्यक होते. सरपंचाविरुद्धच्या अविश्वास ठरावाची मोजणीही उपस्थितांवर नव्हे, तर मतदानास पात्र अशा एकूण सदस्यांवर होते. तेथेही हात वर न करणारा सदस्य परिणामी विरोधातच गणला जातो. ग्रामसभेत ही गोष्ट क्वचितच समजावून सांगितली जाते.

२००४ मध्ये लातूरच्या मतदारांनी त्यांना नाकारले. ते राज्यसभेवर गेले, केंद्रीय गृहमंत्री झाले आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्या पदावरून पायउतार झाले. विभागीय समित्यांची संख्या २००४ मध्येच चोवीस करण्यात आली होती.