टॉवर नाही, मग अंतर राखतं कोण?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात विमान चालवायला शिकतेय. तिथल्या छोट्या विमानतळावर म्हणे कंट्रोल टॉवरच नाही! मग विमानं एकमेकांवर आदळत नाहीत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची काळजी स्वाभाविक आहे, पण टॉवर नाही म्हणजे शिस्त नाही, असं नव्हे. अमेरिकेतले बहुतेक छोटे विमानतळ असेच चालतात. धावपट्टीभोवती साधारण १००० फूट उंचीवर, बहुधा डावी वळणं घेत, विमानं ठरलेल्या चौकोनी मार्गाने फिरतात. वैमानिक सामायिक रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपली जागा सांगत राहतात.

मात्र नुसत्या रेडिओवर भागत नाही.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्याच वॉटसनव्हिलमध्ये दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. तरीही थेट उतरायला भरधाव आलेलं सेस्ना ३४० हे विमान छोट्या सेस्ना १५२ वर आदळलं आणि तिघांचा मृत्यू झाला.

पुढचं विमान फार जवळ वाटलं, तर सुरक्षित मर्यादेत वेग कमी करावा, धावपट्टीला समांतर आणखी थोडं पुढे जाऊन वळावं किंवा उतरणं सोडून पुन्हा वर जावं. तिथेच पूर्ण गोल फेरी मारू नये. मागचं विमान समोर येऊ शकतं. कमी वेगात तीव्र वळणही घातक.

पुढचं विमान डोळ्यांनी दिसल्याशिवाय वळायचं नाही, एवढं मुलीला जरूर सांगा.