नाव जुळत नाही, मग माणूस ओळखावा कसा?



उधारीचा व्यवहार विश्वासावर चालतो. परंतु ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो माणूस नेमका कोण, हे आधी नक्की व्हावे लागते. आपल्या समाजात नेमकी इथेच अडचण येते. कराड-सांगली भागात आतार, तांबोळी, बागवान, मुल्ला, मुजावर ही आडनावे धंद्यावरून किंवा मानावरून पडली. एक भाऊ ‘आतार’ लावतो, दुसरा ‘शेख’. उर्दू शाळेच्या दाखल्यावरील नाव इंग्रजीत उतरविताना कारकुनाने कानाला वाटले तसे लिहिले. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण असते, कुठे नुसते ‘मो.’

याचा परिणाम पतअहवालावर होतो. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे थकीत कर्ज आपल्या नावावर दिसू शकते. मग यंत्रमागासाठी किंवा शिलाई मशीनसाठी मागितलेले कर्ज अडते. नावातील फरक म्हणजे लबाडी नव्हे, पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नव्हे. तहकीक हाच त्यावर इलाज आहे.

प्रथम स्वतःचे कागद पाहा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या पतअहवाल ठेवतात. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्यात नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता व प्रत्येक कर्जखाते तपासा. अनोळखी खाते दिसल्यास कंपनीकडे व संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. दुरुस्तीसाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आपल्या कागदांवर कोणी परस्पर कर्ज उचलले असेल, तर पोलिसांत तक्रार द्या.

नावाचे एकच स्पेलिंग ठरवून आधार, पॅन व बँक खाते त्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येते, म्हणून विचार करूनच अर्ज भरा.

आता नवीन गिऱ्हाईक. त्याच्या नावाआधी नंबर पाहा. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढील दहा अक्षरे म्हणजे त्याचा पॅन. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर इंग्रजी ‘पी’ असते आणि पाचवे आडनावाचे पहिले अक्षर. समोरचा ‘शेख’ सांगतो आणि पाचवे अक्षर ‘ए’ आहे, तर लगेच शंका घेऊ नका. पॅन काढताना त्याने ‘आतार’ लावले असेल. विचारा, आणि त्या नावाचा एखादा जुना कागद पाहा. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मालकाचे नाव, दुकानाचे नाव आणि नोंदणी चालू की रद्द, हे कळते.

चेकवरील नावही बिलाशी ताडून पाहा. चेक परत आल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. त्या वेळी चेक नेमका कोणाच्या खात्याचा, हे शोधत बसायला सवड नसते.

त्याचा पतअहवाल परस्पर मिळविण्याचा प्रयत्न करू नका, तो आपल्याला हक्कही नाही. तो स्वतः काढून दाखवू शकतो. त्याला माल देणाऱ्या दोन जुन्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करा. कागदांच्या झेरॉक्स ही अमानत समजा. त्यावर कारण व तारीख लिहून घ्या.

सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरेची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान होईल. सूरह बकराहमध्ये उधारी लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. केवळ स्पेलिंगवरून गरीब कारागिराला परत पाठविले, तर त्याची रोजी बुडते. न पाहता माल दिला, तर आपले भांडवल बुडते. म्हणून उधारीची वही उघडण्यापूर्वी अर्धा तास कागद पाहण्यात घालवा आणि स्वतःचा अहवाल याच महिन्यात मागवून घ्या.