आजारी लेकरासाठी गोष्ट : शाळेची वाचन मोहीम दवाखान्यापर्यंत नेऊ या



या पानावर आपण ताप, रक्तक्षय, लसीकरण अशा विषयांवर बोलतो. या वेळी विषय पुस्तकांचा आहे, आणि तोही आरोग्याचाच विषय आहे. शाळांमध्ये वाचन मोहिमा होतात. मुले पुस्तके वाचतात, पुस्तके जमा करतात. त्यातली काही पुस्तके दवाखान्यात ॲडमिट असलेल्या मुलांपर्यंत गेली आणि ती वाचून दाखवायला दोन माणसे गेली, तर त्या मुलांची भीती कमी होते आणि त्यांची शाळेशी असलेली नाळ तुटत नाही. हे काम कसे करायचे आणि त्यात काय सांभाळायचे, ते आज सांगायचे आहे.

दवाखान्यात मूल कशाला घाबरते?

नर्सिंगच्या नोकरीत आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे कायम पाहत आलो आहोत. मोठ्या माणसाला आजाराची भीती असते. लहान मुलाला आजार कळत नाही. त्याला भीती असते अनोळखी जागेची, सुईची, रात्री शेजारच्या खाटेवर रडणाऱ्या बाळाची. आई औषध आणायला खाली गेली तर ती परत येईल की नाही, याचीही भीती असते. शिवाय दिवसभर त्याला फक्त हुकूम मिळतात. हात पुढे कर, तोंड उघड, हलू नको, रडू नको. कशालाही 'नको' म्हणायची सोय त्याला नसते.

घाबरलेले मूल जेवत नाही, झोपत नाही, औषध थुंकून टाकते. सलाईनचा हात झटकते, मग सुई निघते आणि पुन्हा टोचावी लागते. म्हणून मुलाची भीती कमी करणे म्हणजे लाड नव्हेत. उपचाराला त्याची मदत होते.

गोष्टीने शरीरात काय होते?

ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागात भरती असलेल्या ८१ मुलांवर एक अभ्यास झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना साधारण अर्धा तास गोष्ट वाचून दाखवली, बाकीच्या मुलांना तेवढाच वेळ कोडी घातली. आधी आणि नंतर मुलांची लाळ तपासली. ताण आला की शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य दोन्ही गटांत कमी झाले. माया, जवळीक वाटली की वाढणारे ऑक्सिटोसिन दोन्ही गटांत वाढले. मात्र हा फरक गोष्ट ऐकलेल्या मुलांमध्ये जास्त होता, त्यांचे दुखणेही जास्त कमी झाले. नंतर नर्स, डॉक्टर, दवाखाना यांची चित्रे दाखवल्यावर हीच मुले त्यांच्याविषयी चांगले बोलली. म्हणजे कोणी आपुलकीने बोलले तर फायदा होतोच, आणि गोष्टीने तो वाढतो.

सुई टोचताना मुलाचे लक्ष दुसरीकडे असेल तर दुखणे कमी जाणवते, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्या आज्या काटा काढताना गोष्ट सांगायच्या, ते उगाच नव्हते.

इतके मात्र पक्के लक्षात ठेवा, गोष्ट हे औषध नव्हे. ऊसपट्ट्यात साप चावला, मुलाला धाप लागली, झटका आला, मूल सुस्त पडले तर आधी दवाखाना गाठायचा. पुस्तक नंतर, उपचार सुरू झाल्यावर.

आजारपणात शाळा सुटते

आपल्या घरांसाठी आणखी एक धोका आहे. टायफॉईड, न्यूमोनिया, हाड मोडणे यांत मुलाचे दोन-तीन आठवडे सहज जातात. क्षयरोगात त्याहून जास्त. सिकलसेल विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात जास्त आढळतो, त्यातील मुलांना वर्षातून अनेकदा ॲडमिट व्हावे लागते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. मूल शाळेत परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्याला वाचता येईनासे होते, मग ते मागच्या बाकावर बसते, मग 'पोट दुखतंय' म्हणून घरी थांबते, आणि एक दिवस आईबरोबर कामावर जाऊ लागते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पण मूल आपणहून मागे पडत गेले तर कायदा त्याचा हात धरायला येत नाही. तिथे आपण लागतो.

मुंबईत टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारासाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून राहायला जागा देते, आणि तिथे मुलांचा अभ्यासही चालू ठेवते. एवढ्या मोठ्या आजारात अभ्यास चालू राहू शकतो, तर आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर पडलेल्या मुलाच्या उशाशी एक पुस्तक नक्कीच राहू शकते.

पारगावसारख्या गावात हे कसे जमेल?

पारगाव जुन्नर तालुक्यात आहे, तसे आंबेगाव तालुक्यातही आहे. दोन्हीकडे उसाचा पट्टा, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि मोलमजुरी करणाऱ्यांच्या वस्त्या आहेत. मूल ॲडमिट करायची वेळ आली की माणसे मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय गाठतात. जास्त झाले तर पुण्याला ससून. आंबेगावच्या पारगावात भीमाशंकर साखर कारखाना आहे. गाळप हंगाम सुरू झाला की कोयत्यावर आलेली कुटुंबे कोप्या करून राहतात. त्यांची मुले गावच्या शाळेच्या पटावर असतातच असे नाही. ती आजारी पडली तर त्यांना भेटायला मामा-मावशीही जवळ नसतात. ही मुले आपल्या मोहिमेत सर्वांत आधी यायला हवीत.

वेळापत्रक आपल्या हाताशी तयारच आहे. १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. या दोन तारखांमध्ये तीन आठवडे आहेत, मध्ये बहुधा दिवाळीची सुट्टीही येते, आणि पुढे गाळप हंगामाचे दिवस. तेव्हा असे करता येईल :

१. १५ ऑक्टोबरला प्रत्येक मुलाने एक पुस्तक निवडायचे, सुट्टीत ते वाचायचे आणि आवडले तरच मोहिमेला द्यायचे. स्वतःला न आवडलेले पुस्तक आजारी मुलाला द्यायचे नाही.

२. पुस्तकासोबत मुलाने एक चित्र किंवा चार ओळींची चिठ्ठी ठेवायची. 'मला यातला माकडाचा भाग आवडला, तू पण वाच' एवढे पुरे. 'देव तुला बरे करो' किंवा 'बिचारा' असे काही लिहायचे नाही. स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर लिहायचा नाही.

३. ७ नोव्हेंबरला शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि विहारातील महिला मंडळ यांनी मिळून पुस्तके निवडायची. फाटकी, पाने गेलेली, गाईडे, जुनी पाठ्यपुस्तके बाजूला काढायची.

४. दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना शाळेच्या पत्राने लेखी परवानगी मागायची. रुग्ण कल्याण समितीपुढे विषय ठेवला तर वॉर्डात पुस्तकांसाठी छोटे कपाट मिळू शकते.

५. शाळेतील मुलांना वॉर्डात न्यायचे नाही. गर्दीने संसर्ग होतो आणि आजारी मुलाकडे टक लावून पाहणे त्यालाही बरे वाटत नाही. आत दोन मोठी माणसे जातील, शक्यतो त्यातली एक बाई. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक ठरलेली वेळ.

पुस्तके कोणती? चित्रे मोठी, अक्षर ठळक, पाने थोडी. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके आहेत, बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या छापूनही घेता येतात. भूत, मरण, मारहाण यांच्या गोष्टी वॉर्डात नकोत. हसवणाऱ्या, प्राण्यांच्या, प्रवासाच्या गोष्टी चालतात. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावहून पुस्तके आणतोच. त्या पिशवीत एक पुस्तक लहान मुलांचे असावे.

वॉर्डातील नियम

आत गेल्यावर आधी इन्चार्ज सिस्टरना विचारा, कोणत्या खाटेवर जायचे आणि कुठे नाही. राउंड चालू असेल तर बाहेर थांबा. तुम्हाला स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका. प्रत्येक मुलाकडे जाण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. पुस्तकांना प्लास्टिकचे कव्हर घाला आणि परत आल्यावर ते जंतुनाशकाने पुसा. गोवर, कांजिण्या झालेल्या मुलाला दिलेले पुस्तक त्याच्याकडेच राहू द्या, दुसऱ्या खाटेवर नेऊ नका.

दोन-तीन पुस्तके मुलापुढे धरा आणि 'कोणतं वाचू?' असे विचारा. मूल 'नको' म्हणाले तर हसून 'बरं, पुढच्या वेळी' म्हणा आणि निघा. दिवसभर कशालाही नकार देता न आलेल्या मुलाला इथे निवड करता येते, हेच त्याच्यासाठी मोठे असते. खाटेजवळ बसून वाचा, उभे राहून नाही. दहा मिनिटे पुरतात. झोप लागली तर पुस्तक उशाशी ठेवून उठा.

सिस्टरनी सांगितले तर सुई लावतानाही वाचता येते. सुई ज्या हाताला लागणार त्याच्या दुसऱ्या बाजूला बसा, मूल आईच्या मांडीवर असू द्या. 'दुखणार नाही' असे खोटे सांगू नका. 'थोडं टोचेल, हे पान संपेपर्यंत होऊन जाईल' असे खरे सांगा. एकदा फसवलेले मूल पुढच्या वेळी कोणावरच विश्वास ठेवत नाही.

आजार काय, जात कोणती, असे प्रश्न विचारायचे नाहीत. फोटो काढायचा नाही. वाटपाचे फोटो ग्रुपवर टाकण्याची सवय सगळीकडे पसरली आहे. सलाईन लावलेल्या लेकराचा फोटो कोणत्याही कार्यक्रमाच्या बॅनरवर जाता कामा नये.

ज्या आईला वाचता येत नाही

अनेक आया पुस्तक पाहून मागे सरकतात. 'मला नाही येत ताई' म्हणतात. त्यांना सांगा, चित्र दाखवून विचारा, 'हे काय करतंय? आता कुठं जाईल?' मूलच गोष्ट सांगेल. जी गोष्ट आईने तिच्या आईकडून ऐकली, ती तिच्या बोलीत सांगितली तरी चालते. ठाकर, महादेव कोळी किंवा मराठवाड्यातून आलेल्या मुलाला पुस्तकी मराठी लगेच कळत नाही. आईच्या बोलीत त्याला धीर येतो. चौथी-पाचवीतले आजारी मूल आईला वाचून दाखवते, असेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा त्या खाटेवर रुग्ण कोण आणि मास्तर कोण, हे क्षणभर कळत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी पुस्तक मुलाबरोबर घरी जाऊ द्या. पालकांनी होकार दिला तर त्याच्या वर्गशिक्षकांना कळवा, म्हणजे मूल परतेल तेव्हा वर्गात त्याची वाट पाहिली जाईल. शाळेत नाव नसलेले मूल असेल तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पालकांना घेऊन जा. वयानुसार वर्गात प्रवेश मिळणे हा त्याचा हक्क आहे.

हे दान नव्हे

बाबासाहेब शाळेत शिकत होते तेव्हा त्यांच्या कौतुकाच्या सभेत केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुरुजींनी ते गरीब मुलाला मदत म्हणून दिले नाही, वाचणाऱ्या मुलाला वाचण्याजोगे पुस्तक म्हणून दिले. आपल्यालाही तसेच द्यायचे आहे. उद्या आपलेच मूल त्या वॉर्डात असू शकते. तेव्हा त्याच्याकडे कोणी उरलेसुरले घेऊन यावे असे आपल्याला वाटेल का? मग दुसऱ्याच्या मुलासाठीही चांगलेच निवडू या.

या महिन्याच्या विहारातील बैठकीत एवढे ठरवा. कोणत्या शाळेशी बोलायचे, परवानगीचे पत्र कोण लिहील, आणि वाचायला जाणाऱ्या दोघी कोण. दहा पुस्तके आणि दोन माणसे, एवढ्यावर सुरुवात होते. पहिले तीन महिने झाले की सिस्टरना विचारा, मुले कोणते पुस्तक पुन्हा मागतात. पुढची पुस्तके त्यावरून घ्या.

जय भीम, नमो बुद्धाय.