गिटारची निवड व अभ्यासाची साधने

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या आश्रयाने वसलेल्या नगरात देशाच्या सर्व प्रांतांतून कुटुंबे आली व त्यांच्यासमवेत त्यांचे संगीतही आले. अशा नगरात हार्मोनियम व तबल्याच्या जोडीने गिटार शिकू इच्छिणारी मुले आढळावीत, यात नवल नाही. परंतु पगारावर चालणाऱ्या घरात वाद्यासाठी मोठी रक्कम बाजूस काढणे अवघड असते. निवड चुकली तर केवळ पैसाच वाया जातो असे नाही. तारा दाबताना बोटे सोलवटतात, स्वर बेसूर लागतात आणि दोष वाद्याचा असूनही शिकणारा तो आपलाच मानून शिक्षण सोडून देतो. म्हणून वाद्य स्वस्त असले तरी चालेल, पण ते सहज वाजणारे व सुरात राहणारे असावे.

प्रथम वाद्याचा प्रकार ओळखावा. नायलॉनच्या तारांच्या गिटारची मान रुंद असते व तारा बोटांना मऊ लागतात. या प्रकारास आजचे रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील स्पेनचे कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी दिले. पोलादी तारांच्या गिटारचा नाद मोठा असतो. मात्र तिच्या तारांचा एकूण ताणही बराच अधिक असतो. त्यामुळे नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. घोडी उखडण्याचा धोका असतो. तिसरा प्रकार हवाईन गिटारचा. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा दांडा फिरवून वाजवितात. ब्रिजभूषण काबरा यांनी याच पद्धतीने गिटारवर रागसंगीत रुजविले. तिच्या तारा मुद्दाम उंच बसविलेल्या असतात. त्या बोटांनी दाबणे कठीण जाते. जुने वाद्य विकत घेताना हा भेद विशेष पाहावा.

स्वस्त गिटारचा दर्शनी भाग बहुधा लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला असतो. सलग लाकडाच्या मानाने तिचा नाद काहीसा कोता असतो. तथापि भिलाईत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि लगेच पावसाळ्याची ओल येते. अशा हवेत सलग लाकूड आकसते, फुगते व प्रसंगी तडकते. थरांचे लाकूड त्या मानाने स्थिर राहते. तेव्हा पहिल्या वाद्यासाठी ते कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. नक्षी, चकाकी व रंग यांवर मात्र अधिक पैसे देऊ नयेत.

दुकानातच पुढील परीक्षा कराव्यात. मानेच्या कडेने डोळा लावून ती पिळलेली नाही, हे पाहावे. पोलादी तारांच्या वाद्यात बाराव्या पडद्यावर तारेची उंची सुमारे अडीच मिलिमीटर असावी. नायलॉनच्या तारा याहून थोड्या उंच असतात. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. तेथे तारेस बोटाचा हलका स्पर्श करून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एकच आले पाहिजेत. ते जुळत नसतील तर वाद्य कधीही पूर्णपणे सुरात लागणार नाही. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर छेडून खरखर ऐकू येते काय, हे तपासावे. तारा थोड्या उंच असतील तर जाणता कारागीर घोडीवरील पट्टी घासून त्या खाली आणू शकतो. या कामासाठी व जादा तारांच्या एका संचासाठी थोडी रक्कम राखून ठेवावी.

अभ्यासाची साधने याहूनही स्वस्त आहेत. मातेओ कारकासी, माउरो जुलियानी व फर्नांदो सोर यांच्या एकोणिसाव्या शतकातील अभ्यासरचनांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. त्या विनामूल्य मिळू शकतात. सहा रेषांवर पडद्यांचे आकडे मांडणारी लिपी लवकर समजते, पण केवळ आकड्यांवरून लय कळत नाही. म्हणून तिच्याबरोबर स्वरलेखनही शिकावे. मराठी घरात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा भाग असेल तर त्याचाही उपयोग होतो. सर्वांत बारीक तार पहिली धरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा घ्यावा. मग चौथी मोकळी तार रे, तिच्या दुसऱ्या पडद्यावर ग, तिसऱ्यावर म. तिसरी मोकळी तार प, तिच्या दुसऱ्या पडद्यावर ध. दुसरी मोकळी तार नी आणि तिच्या पहिल्या पडद्यावर तार सा. अशा रीतीने बिलावल थाटाचे सप्तक सिद्ध होते व परिचित सरगमी वाजविता येतात. मात्र पुस्तकावरून हाताची ठेवण कळत नाही. आरंभीचे काही महिने तरी शिक्षकाजवळ बसणे इष्ट.

वाद्य कूलरच्या झोतासमोर किंवा तापणाऱ्या भिंतीस टेकवून ठेवू नये, पेटीत ठेवावे. वाजविल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. घामाने त्या गंजतात. इतकी काळजी घेतली तर साधी गिटारही पुष्कळ वर्षे साथ देते. पुढे अधिक चांगले वाद्य घ्यावयाचे झाले, तर ते पारखणारा कान तोवर तयार झालेला असतो.