संगणकातील नोंदींची राखण



या सदरात एरवी आपण लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळी विषय निराळा घेतला आहे, पण तो आपल्या शेतीबाहेरचा नाही. आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरी आता संगणक किंवा लॅपटॉप आहे. तो मुलांच्या शिक्षणासाठी आला आणि हळूहळू घरचा सगळा हिशोब त्यावर चढला. कोणत्या प्लॉटमध्ये कोणती जात, लागणीची तारीख, खताचे डोस, एकरी टनेज, मजुरांची उचल, दुधाचे खाते, ठिबकची बिले, घरातले फोटो. पूर्वी हे वहीत असे. वहीला वाळवी लागते, ती भिजते, पण एका रात्रीत तिची सगळी पाने कोरी होत नाहीत. संगणकात तसे होऊ शकते.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाची ऊस रोपवाटिका आहे. आडसाली लागणीच्या तोंडावर त्यांच्याकडे रोपांचे बुकिंग होते. कोणी किती रोपे सांगितली, किती ॲडव्हान्स दिला, हे सारे लॅपटॉपमध्ये. जून महिन्यात एक दिवस लॅपटॉप सुरू झाला तो काळा पडदा दाखवून थांबला. शहरातल्या दुकानदाराने डिस्क गेल्याचे सांगितले. थोड्या जुन्या फाईली निघाल्या, त्या हंगामाची यादी काही निघाली नाही. आता गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहणार, त्याला काय सांगायचे? त्यांनी ज्याने जो आकडा सांगितला तो मान्य केला आणि रोपे दिली. बहुतेकांनी खरेच सांगितले. परंतु शेवटी रोपे कमी पडली, काहींना उशिरा मिळाली, आणि दोन घरांशी जो वाद झाला तो अजून पुरता मिटलेला नाही. यादी दुसरीकडे उतरवून ठेवायला पाच मिनिटे पुरली असती.

डिस्क का जाते, हे समजून घ्यावे. साध्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांवरून वाचणारे टोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर राखून फिरते. चालू असताना धक्का बसला की ते चकतीवर घासते. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, तिच्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे धक्का सोसते. पण जायची झाली तर ती पुष्कळदा काहीच पूर्वसूचना न देता जाते. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी लाखांच्या संख्येने डिस्क वापरते आणि त्यांचे आकडे प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तिच्याकडे वर्षाला शंभरातल्या एक ते दोन डिस्क बंद पडल्या आहेत. त्यासुद्धा थंड, स्वच्छ खोलीत, स्थिर विजेवर चालणाऱ्या. आपल्याकडे वीज जाते, येताना जास्त दाबाने येते, खोलीत भुसा आणि धूळ असते. शिवाय चोरी आहे, व्हायरस आहे, आणि घरातल्याच कोणाच्या बोटाने चुकून पुसले जाणे आहे.

यावर उपाय म्हणजे दुसरी प्रत, ज्याला बॅकअप म्हणतात. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. अडते ते पुढे. ज्या कारणाने मूळ फाईल जाईल, त्याच कारणाने प्रतही जाणार असेल तर ती प्रत असून नसल्यासारखी आहे. आपले बेणेच पाहा. उसाच्या जातींचा आणि रानटी वाणांचा जागतिक संग्रह जगात दोन ठिकाणी सांभाळला जातो. एक केरळात कन्नूरला, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेच्या केंद्रात, आणि दुसरा अमेरिकेत मायामीला. मधे समुद्र आहे. एका ठिकाणी रोग आला किंवा वादळ झाले तरी ते दुसऱ्या ठिकाणी पोचत नाही. आपल्या घरी मात्र काय असते? संगणक टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. कृष्णा-पंचगंगाकाठच्या माणसांनी आधी जनावरे आणि म्हातारी माणसे बाहेर काढली, आणि तेच बरोबर होते. अशा वेळी खालच्या मजल्यावरचा संगणक आणि त्याच्या खणातली डिस्क एकाच पाण्यात जातात. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या माहिती केंद्राची एक इमारत जळाली. ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतल्या काहींचे मूळही गेले आणि प्रतही गेली. तेव्हा दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवावी. भावाचे घर, मुलीचे सासर, बँकेचा लॉकर, काहीही चालेल. पूररेषेतल्या गावांनी ती पूररेषेबाहेरच्या गावात ठेवावी.

दुसरे असे, की प्रत उघडून पाहिलेली असावी. पिक्सार ही अमेरिकेतली कार्टून चित्रपट काढणारी कंपनी. १९९८ साली तिथे ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाच्या फाईली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. लक्षात येईपर्यंत बहुतेक चित्रपट गेला होता. बॅकअप आहे म्हणून लोक निर्धास्त होते, तर तो बॅकअप काही काळापासून नीट होतच नव्हता, आणि ते कोणी तपासले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करत आणि घरच्या संगणकावर त्यांनी कामाची प्रत ठेवली होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून मोटारीतून कंपनीत आणला. एवढी मोठी कंपनी, आणि उपयोगी पडली ती दुसऱ्या घरातली प्रत! म्हणून सहा महिन्यांतून एकदा आपली डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून चार-पाच फाईली उघडून बघाव्यात. नुसती नावे दिसली म्हणजे झाले असे समजू नये.

तिसरी गोष्ट व्हायरसची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला. तो फाईलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे काम त्याने अडवले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. असले व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कमध्येही शिरतात. तेव्हा बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवू नका. काम झाले की काढा. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

काही जण म्हणतील, “साहेब, आमचे सगळे गूगलवर आहे.” चांगले आहे, ते दुसरे छप्परच झाले. पण संगणक आणि गूगल ड्राइव्ह एकमेकांशी जोडलेले असले, तर इकडे पुसलेली फाईल तिकडेही पुसली जाते. ती कचरापेटीत ३० दिवस राहते आणि मग जाते. फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल, फोटो, फाईली सगळे आले. दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर गूगल ते बंद करून आतले पुसू शकते. आणखी एक, खाते ज्या मोबाईल नंबरवर आहे तो रिचार्ज न करता बंद पडू देऊ नका. काही काळाने तो नंबर दुसऱ्या माणसाला दिला जातो, मग पासवर्ड विसरलात तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. पुष्कळ घरांत खाते पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाच्या नावावर असते आणि घरी कोणालाच काही माहीत नसते. निदान एकाला तरी माहीत असू द्या.

आता काम कसे करावे. सगळेच जपायला गेलात तर कंटाळून सोडून द्याल. सातबारा, आठ-अ, आधार, कारखान्याच्या काटा पावत्या, ही कागदपत्रे पुन्हा मागता येतात. जे फक्त तुमच्याचकडे आहे ते आधी घ्या. प्लॉटवार नोंदी, उसनवारी, मजुरांची उचल, वडिलांचे फोटो. असे सारे एका फोल्डरमध्ये आणा. एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, वर्षानुवर्षे साठवायला भरवशाचा नाही. प्रत घेताना जुनीवर नवी लिहू नका, तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करा. म्हणजे बिघडलेल्या फाईलने चांगली फाईल दाबली जाणार नाही. जमल्यास अशा दोन डिस्क ठेवा, एक घरी, एक दुसऱ्या गावी, आणि जाल-याल तेव्हा अदलाबदल करा. डिस्क दुसऱ्याकडे राहणार, तेव्हा बँकेचे पासवर्ड तिच्यात उघडे लिहून ठेवू नका. लक्षात राहावे म्हणून हंगामात पंधरवड्याचे बिल जमा झाले की प्रत घ्यावी, आणि इतर वेळी दर अमावस्येला. नाहीतरी त्या दिवशी मळ्यातले काम कमी असते.

इतके करूनही, प्रत घ्यायच्या आधीच डिस्क गेली तर? टक-टक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. पाण्यात भिजलेली डिस्क चालू करू नका, खोलून उन्हात वाळत घालू नका, तशीच जाणकाराकडे न्या. फाईल चुकून पुसली असेल तर त्या संगणकावर नवे काही उतरवून घेऊ नका, कारण पुसलेल्या फाईलच्या जागेवर नवे लिहिले गेले की जुने मिळत नाही. एसएसडीवरून पुसलेले तर बहुधा मिळतच नाही. शहरातले हे काम हजारांत जाते, आणि पैसे घेण्यापूर्वी किती निघेल हे कोणी छातीठोक सांगत नाही, तेव्हा आधी अंदाज लेखी मागा.

डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावून शेवटची प्रत कोणत्या तारखेला घेतली ते पेनाने लिहून ठेवावे. घरात कोणीही ती हातात घेतली तरी कळेल.