बीटल्सची तबकडी : पैसे नक्की कशाचे मोजायचे?

रविवारची सकाळ, पुण्याचा जुना बाजार. भांडी, घड्याळं आणि कॅमेऱ्यांच्या ढिगाआड ‘अ हार्ड डेज नाइट’ची एलपी दिसते. विक्रेता दोन हजार सांगतो. घ्यावी की नाही?

उत्तर द्यायच्या आधी तबकडी कव्हरातून बाहेर काढायची आणि उन्हात तिरकी धरायची. केसासारखे बारीक चरे बहुधा ऐकू येत नाहीत. नख अडकतं तो चरा दर फेरीला टकटक करतो. सगळी खाच राखाडी आणि निस्तेज दिसत असेल, तर ती जड सुईने घासून गेलेली आहे. कितीही धुतली तरी तिचा आवाज परत येणार नाही. अशी प्रत दोनशेलाही महाग. चकाकी शाबूत असेल आणि भारतीय प्रेसिंग असेल, तर दोन हजार हा रास्त भाव आहे. चांगल्या भारतीय प्रती साधारण दीड ते पाच हजारांत मिळतात.

या व्यवहारात भाव ठरतो तो अवस्थेवर. अमेरिकेतल्या ‘गोल्डमाइन’ मासिकाने रूढ केलेली प्रतवारी जगभर चालते, आणि नवखा माणूस फसतो तो तिच्या शब्दांमुळे. ‘निअर मिंट’ प्रतीला शंभर रुपये धरले, तर ‘व्हीजी प्लस’ला पन्नास, नुसत्या ‘व्हीजी’ला पंचवीस आणि ‘गुड’ला दहा-पंधरा. म्हणजे ‘व्हेरी गुड’ लिहिलेली तबकडी प्रत्यक्षात खरखरणारी असते. आंतरजालावर खरेदी करताना विक्रेत्याला एकच विचारावं : प्रत वाजवून पाहिली आहे की नुसती डोळ्यांनी तपासली आहे?

पहिला मोठा खर्च मात्र तबकडीवर करू नये. पेटीसारखे दिसणारे पाच-आठ हजारांचे रेकॉर्ड प्लेयर मिळतात. त्यांतल्या बहुतेकांची सुई फार दाब देते आणि साठ वर्षं जपलेली खाच हळूहळू खाते. पंधरा ते पंचवीस हजारांत दाब नेमका ठेवणारा साधा टर्नटेबल येतो. सुई बदलायला दोन ते पाच हजार लागतात आणि ती वेळेवर बदलावीच लागते. प्लास्टिकचं बाहेरचं आवरण पंधरा-तीस रुपयांना मिळतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आधी कव्हराला धरते, मग तबकडीला, म्हणून हे तीस रुपये मला सगळ्यांत मोलाचे वाटतात.

आता प्रेसिंग. पार्लोफोन या लेबलच्या ब्रिटिश प्रतीच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली अक्षरं वाचायला शिकलात, तर निम्मं काम झालं. मॅट्रिक्स क्रमांकाखेरीज तिथे एक-दोन सुटी अक्षरं असतात. ‘ग्रामोफ एलटीडी’ या दहा इंग्रजी अक्षरांतलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा : जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए म्हणजे 3, असं करत डी म्हणजे 0. आकडा जितका लहान, तितक्या आधीच्या साच्यातून ती प्रत निघाली. 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या मोनो एलपीत तर या पट्ट्यावरच सगळा भाव ठरतो. दुसऱ्या बाजूला ‘एक्सईएक्स 606-1’ हा मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असेल, तर त्या प्रतीवर ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं वेगळं मिश्रण आहे. ते लगेच मागे घेतलं गेलं. अशी प्रत शेकडो पौंडांना जाते; शेवटी 2 किंवा 3 असलेली त्याहून पुष्कळ स्वस्त पडते आणि ऐकायला तितकीच सुरेख असते.

मोनो की स्टीरिओ, हा प्रश्न चाहत्यांत वर्षानुवर्षं रंगतो. माझं मत मोनोच्या बाजूने आहे. ‘सार्जंट पेपर’पर्यंत चौघांनी आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी मनापासून वेळ दिला तो मोनो मिश्रणाला. तिच्यावरचं ‘शी इज लीव्हिंग होम’ मोनोत चक्क वरच्या पट्टीत आणि जलद ऐकू येतं. मूळ मोनो परवडत नसेल, तर मूळ फितींवरून कापलेल्या 2014 च्या मोनो तबकड्या शोधाव्यात. कव्हराच्या आतलं सामानही मोजून घ्यावं. ‘सार्जंट पेपर’मध्ये कापून घ्यायच्या चित्रांचा कागद, ‘व्हाइट अल्बम’मध्ये पोस्टर आणि चौघांचे चार फोटो. एक फोटो कमी असला तरी भाव उतरतो, आणि विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही.

आपल्याकडे मिळू शकणारी खरी दुर्मीळ वस्तू वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये 78 फेऱ्यांच्या तबकड्या बंद झाल्यानंतरही आपल्याकडे घरोघरी जुने ग्रामोफोन होते. म्हणून कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून बीटल्सची गाणी 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. परदेशातले संग्राहक त्यांच्यासाठी शेकडो डॉलर मोजतात, काहींसाठी त्याहून बरेच जास्त. आजोबांच्या पेटीत अशी पार्लोफोनची तबकडी सापडली, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी लेबल नीट वाचा. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, तिच्यातली लाख विरघळते. एलपीच्या सुईवरही वाजवू नका. तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते.

ही तबकडी टपालाने मागवणं जोखमीचं. माझी एक पातळ पुठ्ठ्यात आली ती दोन तुकड्यांत. विक्रेत्याने अर्धेच पैसे परत केले. एलपी मागवतानाही तबकडी कव्हराबाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगावं, नाहीतर वाटेत तीच कव्हराची शिवण फाडते. हिशेब करताना लक्षात ठेवा की सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर आणि टपालखर्चावर मिळून लागतं. तबकडी 40 पौंडांची आणि टपाल 20 पौंडांचं असेल, तर आकारणी 60 पौंडांवर होते, वर कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क. चालू दर पाहून बेरीज मांडा आणि मगच बोली लावा. दोन-तीन मित्रांनी मिळून एक पार्सल मागवलं, तर टपाल वाटलं जातं.

सह्यांवर मी पैसे घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नयेत असं कळकळीने सांगतो. धावपळीच्या त्या वर्षांत नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे सहायक चौघांच्या वतीने सर्रास सह्या करत. त्या सह्या त्याच काळातल्या, त्याच शाईच्या, थेट त्यांच्या गोटातून आलेल्या, तरीही खोट्या. स्वतंत्र तज्ज्ञाच्या लेखी दाखल्याशिवाय अशा कागदाला हात लावू नये. दुसऱ्या टोकाला रिंगो स्टारची 0000001 क्रमांकाची ‘व्हाइट अल्बम’ची प्रत आहे. ती 2015 मध्ये लिलावात 7,90,000 डॉलरना गेली, कारण ती कोणाकडे होती याचा पुरावा पक्का होता.

मर्यादित पैशांत संग्रह सुरू करायचा असेल, तर मी आपल्या कलावंतांचे हात लागलेल्या तबकड्यांपासून करीन. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता. त्याच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या एलपीवर शिवकुमार शर्मांचा संतूर आणि आशिष खान यांचा सरोद आहे. त्याच दिवसांत मुद्रित झालेल्या ‘द इनर लाइट’मध्ये हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे, आणि ते गाणं ‘लेडी मॅडोना’च्या छोट्या तबकडीची दुसरी बाजू म्हणून जगभर गेलं. लाखोंनी खपलेली ही छोटी तबकडी आजही खिशाला परवडते. ‘वंडरवॉल’ची पहिली मोनो प्रत महाग आहे, नंतरच्या आवृत्त्या नाहीत.

आणि ‘रिव्हॉल्व्हर’. तिच्यावरच्या ‘लव्ह यू टू’मध्ये तबला आहे अनिल भागवत यांचा. बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या कव्हरावर छापलं जाणं ही तेव्हा विरळा गोष्ट होती. मागच्या बाजूला, गाण्याच्या नावाखाली, बारीक अक्षरांत ते आहे. ते वाचायला 606-1 ची प्रत लागत नाही. अडीच-चार हजारांच्या आजच्या नव्या प्रतीवरही ते तसंच छापलेलं आहे.